रेघांवरल्या रेघा

कॅनडाचा उत्तर भाग एके काळी लॉरेंटाइड हिमस्तराखाली दडपला होता. सरकत्या बर्फाने खालच्या गाळाचे लांबच लांब वरंबे काढले. काही तर कित्येक कोसांचे. त्यांवरून चालणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही! १९७२ पासून लँडसॅट उपग्रह वरून चित्रे घेऊ लागले, आणि १९९० साली बोल्टन व क्लार्क या संशोधकांनी त्यांत एक नवल दाखवले. रेघा एकमेकींना छेदतात. बर्फाने दिशा पालटली, पण नव्या ओघाने जुन्या खुणा साऱ्याच पुसल्या नाहीत.

मी आपला मॅट्रिक झालेला मास्तर. हे वाचले नि एक मुलगा आठवला. वीस वर्षांपूर्वी गणित चुकले म्हणून मी त्याला छडीने फोडून काढले होते. पुढे छडी मी कायमची टाकली, त्याला घरी बोलावून शिकवलेही. गेल्या दिवाळीत तो फराळाला आला, वाकून नमस्कार केला, आपल्या लेकाला म्हणाला, “हे माझे सर.” मी सुखावलो, तरी नजर त्याच्या तळहातांकडे गेलीच.

मागाहूनची माया आधीचा मार पुसून टाकते का? पुसते, असे मी सोयीस्करपणे धरून चाललो होतो. भूशास्त्रज्ञ मात्र दोन्ही रेघा नकाशावर काढतो. आधीची कोणती, नंतरची कोणती, एवढेच ठरवतो.

यंदा तो आला, की छडीचा विषय मीच काढणार आहे. लेकाच्या देखत काढावा की नाही, ते अजून ठरत नाही.