मिटल्या डोळ्यांपुढचा काळोख



येत्या १५ ऑक्टोबरला ख्रिस्तसभा अविलाच्या संत तेरेजाचा सण साजरा करते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मृतभक्तांचा नोव्हेंबर महिना सुरू होईल आणि आपण सारे आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला जाऊ. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे, हे आम्हाला आपल्याच धर्मग्रामातल्या एका भगिनीमुळे कळले. तिची परवानगी घेऊन, नाव न सांगता, हे लिहीत आहोत.

पतीच्या पहिल्या स्मृतिदिनाची मिस्सा आटोपल्यावर ती दाराशी थांबली होती. म्हणाली, "फादर, डोळे मिटले की मला त्यांचा चेहरा दिसत नाही. नुसता काळोख. मुलं म्हणतात, पप्पा डोळ्यांसमोर उभे राहतात. माझ्यासमोर कधीच कुणी उभं राहिलं नाही. आई गेली तेव्हाही नाही. माझं प्रेमच कमी पडलं का?"

आम्ही सवयीने उत्तर दिले : दुःखात असे होते, मन शांत झाले की दिसेल. हे उत्तर चुकीचे होते. दुःखामुळे तिला दिसत नव्हते असे नाही, तिला कधीच दिसत नव्हते. 'डोळ्यांसमोर उभे राहणे' ही बोलायची एक रीत आहे, असेच तिला जन्मभर वाटत आले होते. इतरांना खरोखरच काहीतरी दिसते, हे तिला मुलांच्या बोलण्यातून प्रथम उमगले, आणि तेही अशा दुःखाच्या वेळी.

अशी माणसे पुष्कळ आहेत. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन याने १८८० साली लोकांना विचारले होते, सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवा आणि काय दिसते ते सांगा. काहींनी बशीचा रंगही सांगितला, तर काहींना काहीच दिसले नाही. पुढे हा विषय बराच काळ मागे पडला. मग एक्सेटर विद्यापीठाचे मेंदुतज्ज्ञ डॉ. ॲडम झेमन यांच्याकडे एक निवृत्त सर्वेक्षक आला. हृदयाच्या रक्तवाहिनीवर उपचार झाल्यानंतर त्याची मनात चित्र पाहण्याची शक्ती अचानक गेली होती. त्याची हकीकत छापून आल्यावर काही लोकांनी कळवले की आमचे तर जन्मापासून असेच आहे. २०१५ साली झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थितीला 'अफँटेशिया' हे नाव दिले. अलीकडच्या पाहण्यांनुसार शंभरातल्या एकाच्या आसपास माणसांना मनात काहीही दिसत नाही. अगदी अंधूक दिसणारे धरले तर हा आकडा चारच्या घरात जातो. म्हणजे रविवारच्या मिस्सेला चर्च भरलेले असते तेव्हा असे काहीजण आपल्याच बाकावर बसलेले असतात.

हा आजार नव्हे. अशी माणसे शिकतात, संसार करतात, कामात तरबेज होतात. पिक्सार या चित्रपटसंस्थेचे एक संस्थापक एड कॅटमुल यांना मनात चित्र दिसत नाही, आणि त्यांच्या संस्थेची चित्रे जगभरच्या मुलांनी पाहिली. पाहिलेली खोली आठवून तिचे चित्र काढा, असे एका अभ्यासात सांगितले तेव्हा या लोकांनी वस्तू कमी काढल्या, पण जागा अचूक दाखवल्या आणि नसलेल्या वस्तू इतरांपेक्षा कमी घुसडल्या. मात्र कुणाची ही शक्ती अचानक गेली, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचे मत घोकले होते की आत्मा प्रतिमेवाचून विचार करीत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही म्हटले की या देहात असेपर्यंत आपली बुद्धी प्रतिमांकडे वळूनच समजून घेते. मग ज्याच्या मनात प्रतिमाच नाही त्याने देवाचा विचार कसा करावा, गेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवावी? हा प्रश्न त्या काळी आम्हाला पडलाच नाही. परीक्षेत तो येत नव्हता!

आता नीट पाहिले तर संत थॉमस यांच्याकडेच दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे त्यांची 'प्रतिमा' केवळ डोळ्यांची नाही. कानाने ऐकलेले, हाताने चाचपलेले, साऱ्या इंद्रियांनी दिलेले त्यात येते. दुसरी अधिक मोलाची. ते सांगतात की बुद्धी वस्तूला आपल्याकडे ओढून घेते, तर इच्छा स्वतः उठून त्या वस्तूकडे जाते. म्हणून या जगात देवाला जाणण्यापेक्षा देवावर प्रेम करणे श्रेष्ठ. चित्र ही जाणण्याची एक सोय आहे. प्रेम चित्राच्या पुढे जाते.

येथे आमचा एक दोष कबूल करणे भाग आहे. कित्येक तपसाधनांत आम्ही लोकांना सांगत आलो : डोळे मिटा, गालिली सरोवराचा काठ पाहा, प्रभूचा चेहरा पाहा. ही संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत. प्रसंगाची जागा मनात उभी करून मनन करावे, असे त्यांच्या आध्यात्मिक साधनेत आहे. पद्धत उत्तमच आहे, हजारो लोकांना तिने प्रभूजवळ नेले आहे. पण एकदा एका तरुणाने "मला काहीच दिसत नाही" असे सांगितले, तेव्हा आम्ही त्याला मन एकाग्र कर, मोबाईल कमी बघ, असा उपदेश केला. आमच्या मापाने आम्ही त्याचे अंतःकरण मोजले. दुसऱ्याच्या मनात काय चालते हे आपल्याला दिसत नाही, तरी आपण त्याच्या भक्तीला गुण देत सुटतो. ही चूक फक्त धर्मगुरूंचीच आहे असेही नाही. कबरीपाशी जिच्या डोळ्यांत पाणी येत नाही, तिच्याबद्दल आपण काय कुजबुजतो ते आठवून पाहावे.

त्या तरुणाला आणि त्या भगिनीला एक कैवारी आहे. तिचे नाव संत तेरेजा. तिचा जन्म १५१५ सालचा, मृत्यू १५८२ सालचा. पोप सहावे पॉल यांनी १९७० साली तिला धर्मपंडिता म्हणून घोषित केले, हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. प्रार्थनेच्या या थोर गुरूने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे की मनात चित्र उभे करणे तिला जमत नसे. प्रभूच्या सौंदर्याविषयी कितीही वाचले, कितीही मूर्ती पाहिल्या, तरी आत रूप उमटत नसे. आंधळा मनुष्य किंवा काळोखात बसलेला मनुष्य समोरच्याशी बोलतो, तो तेथे आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, पण तो दिसत नाही. तशी आपली अवस्था असल्याचे ती सांगते. आजच्या शास्त्राचे नाव तिला चिकटवण्याचा आमचा विचार नाही. पुढील आयुष्यात तिला रूपदर्शनेही झाली. पण त्याआधी प्रभू जवळ असल्याचा जो अनुभव तिला आला, त्यात तिला काहीच दिसले नव्हते, केवळ त्याचे असणे जाणवले होते.

मग तिने काय केले? अनेक वर्षे ती हाती पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसत नसे. धर्मचित्रे आणि मूर्ती तिला अतिशय प्रिय होत्या, कारण जे आत नव्हते ते बाहेर मिळत होते. रोज रात्री झोपण्यापूर्वी ती गेथशेमानी बागेत प्रभूच्या सोबतीला मनाने जाई. त्याचा घाम पुसावा असे तिला वाटे. चेहरा दिसत नसताना घाम पुसण्याची इच्छा! प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्या मित्राशी एकांतात बोलणे, हे तिचे सांगणे या काळोखातून आलेले आहे.

विशेष म्हणजे १२ मार्च १६२२ रोजी ख्रिस्तसभेने संत इग्नेशियस आणि संत तेरेजा यांना एकाच दिवशी संतपद दिले. त्याच दिवशी आपल्या गोव्यात ज्यांचे शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियरही संत घोषित झाले. पाहून प्रार्थना करायला शिकवणारा आणि न दिसता प्रार्थना करणारी, दोघेही एकाच वेदीवर आले.

शुभवर्तमानेही हेच सांगतात. चारही शुभवर्तमानकारांनी प्रभूच्या चेहऱ्याचे वर्णन कोठेही केलेले नाही. पुनरुत्थानानंतर मरिया माग्दालेनेला तो समोर असूनही माळी वाटला. त्याने नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखले. एम्माउसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालत होते, पण ओळख पटली ती भाकर मोडताना. आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी, आपली आठवण ठेवा असे सांगताना, प्रभूने आपले चित्र मागे ठेवले नाही. करण्यासाठी एक कृती दिली. दर रविवारी आपण तीच करतो.

काही आठवड्यांनी आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो आणि आधीचे उत्तर मागे घेतले. बोलता बोलता तिने सांगितले, पती पावणे एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असत. ती पाळी सुटून ते घरी यायचे त्या वेळेला तिला अजूनही जाग येते. उठून ती दाराची कडी पाहते, बाहेरचा दिवा चालू आहे ना बघते, एक 'नमो मरिया' म्हणते आणि झोपते. आम्ही म्हटले, "बाई, याला आठवण नाही तर काय म्हणायचं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहून म्हणाली, "म्हणजे मला हा फोटो लागतो, त्यात लाज नाही ना?" लाज कसली? तेरेजालाही लागत असे.

येत्या तपसाधनेत आम्ही 'पाहा' एवढेच म्हणणार नाही. ज्यांना दिसते त्यांनी पाहावे, ज्यांना दिसत नाही त्यांनी प्रभूजवळ नुसते बसावे. आणि नोव्हेंबरमध्ये कबरीपाशी डोळे मिटल्यावर ज्यांच्यापुढे काळोखच येईल, त्यांनी घाबरू नये. त्या काळोखात आपले माणूस प्रभूच्या हाती आहे, आणि तो आपल्याला पाहत आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले,
धर्मगुरू