मनोरा कोणाचा?

ख्रिस्ती मंडळीने स्वतःच्या मालकीचे नभोवाणी केंद्र चालवावे काय, हा प्रश्न पुष्कळांना प्रश्नच वाटत नाही. पैसा आहे, परवाना मिळतो आहे, मग अडचण कसली? सुवार्ता धाब्यावरून गाजवायची आहे, आणि धाबे जितके उंच तितके बरे, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. आम्हांला तो हिशेब इतका सरळ वाटत नाही. तथापि ज्यांनी असे मनोरे उभारले त्यांच्या श्रमांचे मोल कमी लेखून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

दक्षिण अमेरिकेतील क्विटो या शहरी १९३१ च्या नाताळच्या दिवशी क्लॅरन्स जोन्स व त्यांचे सोबती यांनी एचसीजेबी हे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांचा प्रक्षेपक अवघा २५० वॅटचा होता आणि त्या शहरात ऐकण्याचे संच बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे त्याच केंद्राचा आवाज पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचला. मनिला येथे १९४८ मध्ये असेच केंद्र निघाले. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरून फेबा संस्थेचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण १९७० पासून २००३ पर्यंत चालले व त्याचा रोख आपल्या देशाकडेही होता. आमच्या वाचकांपैकी जे साठीच्या पुढे आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांनी रात्री संचाचा काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करीत ती खरखर ऐकली असेल.

या लघुलहरींचा एक स्वभाव ध्यानात घेण्यासारखा आहे. जमिनीलगत जाणारी लहर थोड्याच मैलांत विरून जाते. आकाशाकडे गेलेली लहर वातावरणाच्या वरच्या थरावरून परतते, पण ती उतरते शेकडो मैल पलीकडे. मधल्या पट्ट्यात काहीच ऐकू येत नाही. मनोरा ज्यांच्या शेताजवळ उभा असतो, त्यांच्या शेजारच्या तालुक्याला तो मुका, आणि समुद्रापारच्या माणसाला मात्र त्याचे शब्द स्पष्ट! विज्ञानाची ही गोष्ट आहे, पण तिच्यात मंडळीने घाबरावे असे काही आहे. दूरच्याशी बोलणाऱ्याला जवळचा माणूस वगळता येतो, आणि वगळल्याचे त्याला कळतही नाही. क्विटोच्या केंद्राच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, त्या लोकांनी १९५५ साली त्याच शहरात रुग्णालय काढले. शेजाऱ्याला ऐकू न येणारा त्यांचा शब्द निदान त्याच्या दुखण्याच्या खाटेपाशी पोहोचला.

आता अदिस अबाबाची हकिगत पाहू. लूथरन वर्ल्ड फेडरेशनने तेथे ‘रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल’ हे केंद्र उभारले. १९६३ च्या फेब्रुवारीत सम्राट हेले सिलासी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शंभर किलोवॅटचे दोन प्रक्षेपक होते. आफ्रिका व आशिया या दोन्ही खंडांकडे त्यांची तोंडे होती. योजना विचारपूर्वक आखलेली होती. कार्यक्रमांचा सुमारे ३० टक्केच भाग प्रत्यक्ष उपदेशाचा असे. बाकीच्या वेळात बातम्या, शेती, आरोग्य, शिक्षण, संगीत. परदेशी मिशनरीने सर्वांच्या वतीने बोलावे असेही नव्हते. निरनिराळ्या देशांतील स्टुडिओंत तेथल्याच ख्रिस्ती जनांनी आपापल्या भाषेत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करावेत आणि फिती अदिस अबाबाला पाठवाव्यात, अशी व्यवस्था होती. मंडळीच्या मालकीच्या केंद्रांत याहून समंजस केंद्र आम्हांला तरी ठाऊक नाही, आणि म्हणूनच आम्ही त्याचे उदाहरण घेतो. चांगल्या हेतूने व चांगल्या रीतीने चाललेल्या कामातही जी अडचण राहते, तीच खरी अडचण.

१९७३ साली इथिओपियाच्या वोलो प्रांतात दुष्काळाने माणसे मरत होती. दरबाराला ते बाहेर फुटू द्यायचे नव्हते. जगाला ते कळले, पण जोनाथन डिंबलबी यांनी ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रपटामुळे. त्याच देशाच्या राजधानीत तेव्हा मंडळीचा एवढा मोठा मनोरा उभा होता. तेथे काम करणाऱ्या बंधुभगिनींना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांच्या जागी असतो तर आपण काय केले असते, हे प्रत्येकाने मनाशी पाहावे. परवाना राजाचा, जमीन राजाच्या राज्यातली. एक खरे वाक्य बोलले की दुसऱ्या दिवशी केंद्राला कुलूप, आणि दहा देशांतील श्रोत्यांना मिळणारा देवाचा शब्द बंद. अशा वेळी गप्प राहण्याला कारण सापडते, आणि ते कारण भक्तीचेच असते! धनाचा लोभ ओळखू येतो. साधनाचा लोभ ओळखणे कठीण, कारण ते साधन प्रभूच्या कामाचे असते.

ज्यांनी उद्घाटन केले ते सम्राट १९७४ साली पदच्युत झाले. १२ मार्च १९७७ रोजी नव्या लष्करी राजवटीने केंद्र ताब्यात घेतले, आणि त्याच प्रक्षेपकांवरून क्रांतीचा जयघोष सुरू झाला. लोखंडाला त्यात काही वावगे वाटले नाही. याच्या नेमके उलट उदाहरण माँटे कार्लोचे आहे. नाझी जर्मनीने महायुद्धाच्या काळात आपल्या प्रचारासाठी तेथे डोंगरावर एक इमारत बांधविली होती. १९६० पासून ट्रान्स वर्ल्ड रेडिओने तेथूनच सुवार्तेचे प्रक्षेपण केले. हे उदाहरण देवाचा विजय म्हणून मोठ्या आनंदाने सांगितले जाते. तो आनंद आम्हांलाही होतो. मात्र दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या पाहिजेत.

केंद्र गेल्यावर इथिओपियातील मेकाने येसूस मंडळीचे काय झाले? तिचे सरचिटणीस गुदिना तुम्सा यांना देश सोडून जाण्याची संधी होती. ते गेले नाहीत. जुलै १९७९ मध्ये त्यांना पळवून नेऊन ठार मारण्यात आले. १९५९ साली ही मंडळी राष्ट्रीय मंडळी म्हणून उभी राहिली तेव्हा तिचे सभासद सुमारे वीस हजार होते. आज ते एक कोटीच्या वर आहेत. छळाने मंडळी वाढते असा सिद्धांत काढण्याची आम्हांला हौस नाही. छळाने पुसल्या गेलेल्या मंडळ्याही इतिहासात आहेत. एवढेच दिसते की, तिचे जगणे त्या दोन प्रक्षेपकांवर अवलंबून नव्हते. प्रेषितांच्या कृत्यांच्या ८ व्या अध्यायात याच बाजूच्या देशाचा एक अधिकारी, कांदके राणीचा खजिनदार, गज्जाच्या वाटेवर रथात बसून ग्रंथ वाचीत आहे. फिलिप्प धावत जातो, तो काय वाचतो आहे ते आधी ऐकतो, मग प्रश्न विचारतो, आणि बोलावल्यावरच रथात चढतो.

येथे कोणी म्हणेल, ज्याच्या रथापर्यंत कोणालाही जाऊ दिले जात नाही त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे, आणि आमच्या मते मनोऱ्याच्या बाजूचे सर्वांत मोठे म्हणणे हेच. सोव्हिएत राजवटीत पवित्र शास्त्राची प्रत मिळणे दुरापास्त होते. तेव्हा बाहेरच्या केंद्रांवरून शास्त्रपाठ लेखनिकाला सांगावा तितक्या सावकाश वाचला जाई. शब्द, पुन्हा तोच शब्द, मग स्वल्पविराम. पलीकडे कोणी तरी दार लावून ते वहीत उतरून घेई. त्या वाचकाला आपला आवाज कसा लागला याची फिकीर करायला जागाच नव्हती; श्रोत्याची पेन्सिल जितकी चाले तितकेच त्याला बोलायचे होते. अशा वाचनासाठी मनोरा उभारणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही.

आपल्या देशात हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. खाजगी एफएम केंद्राचा परवाना धार्मिक संस्थेला मिळत नाही, मग ती कोणत्याही धर्माची असो. त्याबद्दल पुष्कळ ख्रिस्ती जन हळहळतात. आम्ही फारसे हळहळत नाही. शिवाय मनोऱ्यावाचून आवाज दूर पाठविण्याची सोय आता प्रत्येकाच्या खिशात आली आहे, आणि बेळगावपासून इंदूरपर्यंत मंडळ्यांच्या सभांतून कॅमेरा, ध्वनिमुद्रण, स्टुडिओची खोली यांसाठी वर्गणीची आवाहने होऊ लागली आहेत. वर्गणी द्यावी. पण जुन्या केंद्रांतून श्रोत्यांची पत्रे उघडून वाचणारी, प्रत्येकाला त्याच्या भाषेत उत्तर लिहिणारी माणसे बसत असत. कित्येक पत्रे नुसत्या कॅलेंडरसाठी आलेली असत, तरी त्यांनाही उत्तर जाई. नव्या अंदाजपत्रकात तसल्या माणसाच्या पगाराचा रकाना आहे की नाही, हे आम्ही कॅमेऱ्याच्या किमतीआधी पाहू.