कार्बन प्रत

पोलिसातून निवृत्त झालो, पारशिवनीत घर बांधले. पेंचच्या काठी उरलेले दिवस शांतपणे काढावेत, एवढीच इच्छा होती. पण बाजाराच्या दिवशी एक ऑटोवाला भेटतो, "रामराम साहेब" म्हणतो, आणि मला त्याच्याकडे मान वर करून पाहता येत नाही.

२०१४ सालची गोष्ट. मी एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. हा ऑटोवाला दंडाची पावती घेऊन आपली कागदपत्रे परत मागायला आला. त्याच्या पावतीवर ३०० रुपये होते. पावतीपुस्तकातली कार्बन प्रत काढली, तिच्यावर १००. ते पान मी खिडकीच्या उजेडात धरले. नाव आणि गाडीचा नंबर सरळ रेषेत उमटलेला. रकमेचा आकडा मात्र नंतर वेगळा कार्बन ठेवून लिहिलेला, ओळीच्या जरा खाली घसरलेला. सगळे पुस्तक चाळले. असे १७ आकडे घसरलेले होते. पुस्तक ज्याच्या ताब्यात होते त्या हवालदाराने नाकारले नाही.

मी कसुरी अहवाल लिहिला. 'शासकीय रकमेच्या भरण्यात निष्काळजीपणा' हे शब्द माझे आहेत. रक्कम भरून घेतली, विभागीय चौकशी झाली, त्याची एक वेतनवाढ वर्षभर रोखली गेली. वरून कुणाचा फोन आला नव्हता. घोगरा महादेवाला महाशिवरात्रीच्या बंदोबस्तात तो हवालदार आणि मी एका डब्यात जेवलो होतो. आपला माणूस आहे, खात्याची अब्रू आहे, घरातले घरात मिटावे, एवढेच डोक्यात होते.

त्याच आठवड्यात वावरातल्या मोटरपंपाची तार चोरली म्हणून एका पोराला मी आत टाकले. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७९, जास्तीत जास्त तीन वर्षे. बाप हात जोडून भरपाई देतो म्हणाला. मी म्हणालो, "काका, पैसे भरले म्हणून गुन्हा जात नसतो." बोललो ते कायद्याला धरूनच होते. लोकसेवकाने ताब्यातल्या पैशाचा अपहार केला तर त्याच संहितेचे कलम ४०९ होते, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. हवालदाराने मात्र पैसे भरले आणि गुन्हा गेला.

उशिरा येणे, न सांगता गैरहजर राहणे, वरिष्ठांशी उद्धट बोलणे, यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम २५ आहे, १९५६ चे शिक्षा व अपील नियम आहेत. एखाद्या शिपायाची बेरीज चुकली तर तेही तिथेच संपावे, असे मी आजही म्हणेन. पण बेरीज १७ वेळा एकाच बाजूला चुकत नाही. माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसला तर तो नोंदवणे बंधनकारक, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितले होते. भ्रष्टाचाराच्या प्रकरणात आधी प्राथमिक चौकशीची मुभा त्या निकालात आहे, पण ती गुन्हा दिसतो का हे पाहण्यापुरती. मला तो दिसला होता. विभागीय चौकशी आणि फौजदारी खटला सोबत चालू शकतात. दोन्हींतले एक निवडायचा अधिकार मला नव्हता. तरी मी निवडले.

मुंबईचे पोलीस अधिकारी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले, जून २०२० मध्ये सेवेत परत घेतले गेले. मार्च २०२१ मध्ये एनआयएने त्यांना अटक केली आणि मे महिन्यात संविधानाच्या अनुच्छेद ३११ खाली विभागीय चौकशीविनाच ते बडतर्फ झाले. आरोपांचे काय ते न्यायालय पाहील. मला ती बातमी वाचताना माझा कसुरी अहवाल आठवला. फाईल कोणत्या वाटेने जाणार आणि किती वर्षे पडून राहणार, हे आत बसलेला कुणीतरी ठरवतो. त्या दिवशी तो मी होतो.

गेल्या महिन्यात ऑटोवाल्याला थांबवून सगळे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे माहा दंड सरकारले भेटलाच नाही का साहेब?" त्या १७ जणांपैकी एकालाही आम्ही तेव्हा बोलावले नव्हते.

कलम ४०९ च्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादा नाही. नागपूरला जाऊन मी लेखी अर्ज दिला आहे. माझ्या तेव्हाच्या डायरीत पावत्यांचे नंबर होते, ते सगळे त्यात लिहिले आहेत, आणि अहवालातले ते शब्द कुणाचे, हेही.