नकार ऐकणारं आकाश

सकाळी रिक्षात एक गाणं ऐकलं. 'माझी नाही झालीस तर कुणाचीच नाही' असाच त्याचा सूर. शाळेत निघालेली दोन मुलं ते गुणगुणत होती. मला धडकी भरली.

गाण्यात अंधार नसावा, असं मी म्हणत नाही. आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांचं 'पृथ्वीचे प्रेमगीत' आठवा. 1942 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'विशाखा' संग्रहातली ही कविता. त्यातलं प्रेम जाळणारंच आहे. सूर्याच्या मिठीत भस्म व्हायलाही पृथ्वी तयार आहे. पण ती आग तिनं स्वतःसाठी मागितली आहे, दुसऱ्यावर फेकलेली नाही. आणि तिच्याकडे याचना करणारे इतर? शुक्र पहाटे दारात उभा राहतो, मंगळ लाजतो, धूमकेतू आर्जव करतो. ती कुणालाच होकार देत नाही. ध्रुव तर निराश होऊन उत्तरेला संन्यासी बनून बसतो. त्यांच्यापैकी एकही तिच्यावर सूड उगवत नाही! प्रेमाची ही रीत मुलांना आपणच सांगायला हवी.

आज रात्री मुलांना गच्चीवर न्या. उत्तरेकडचा ध्रुव दाखवा आणि त्याची ही गोष्ट सांगा.