अपमानानें देह झिजतो काय?

"बोलल्यानें कांहीं अंगाला भोंकें पडत नाहींत," असें आपल्या खेड्यापाड्यांतून नेहमीं ऐकूं येतें. ज्याचा अपमान झाला त्याची समजूत घालण्यासाठीं वडील मंडळी हें वाक्य सांगतात, आणि ज्यानें अपमान केला तोही आपल्या बचावासाठीं हेंच वाक्य पुढें करतो. एकच बोल दोघांच्याही उपयोगीं पडावा, हें थोडें चमत्कारिक नव्हे काय? तो खरा असेल तर अपमान हें केवळ मनाचें दुखणें ठरतें. सोसणाऱ्यानें मन मोठें केलें म्हणजे प्रकरण मिटलें. परंतु तो खोटा असेल, तर अपमान करणाऱ्याचा अपराध आपण समजतों त्याहून फार मोठा आहे. म्हणून, प्रिय वाचकहो, आज या बोलाची परीक्षा करूं.

१९९२ सालीं अमेरिकेंतील आर्लीन जेरोनिमस या विदुषींनीं एक विलक्षण गोष्ट विद्वानांपुढें मांडिली. गोऱ्या स्त्रियांमध्यें वीस वर्षें ओलांडल्यावर माता होणाऱ्यांचीं अर्भकें, त्याहून लहान वयाच्या मातांच्या अर्भकांपेक्षां अधिक जगतात. आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांमध्यें मात्र उलट प्रकार आढळला. त्यांच्यांत लहान वयाच्या मातांचींच अर्भकें अधिक जगत होतीं. ऐन तारुण्यांत ज्या देहानें बळकट व्हावें, तो त्याच वेळीं खचूं लागला होता. ऊनपावसांत उघडें पडलेलें लांकूड जसें वेळेआधीं झिजतें व तडकतें, तसा सततच्या जाचानें मनुष्यदेह वेळेआधीं म्हातारा होतो, असें अनुमान त्यांनीं काढलें, व त्यास इंग्रजींतील 'वेदरिंग' हें नांव दिलें.

हें घडतें कसें? वाटेंत वाघ दिसला तर आपलें काळीज धडधडूं लागतें. मूत्रपिंडांवर ज्या लहान ग्रंथि आहेत त्या आपला रस रक्तांत सोडतात. रक्ताचा दाब चढतो, सांठविलेली साखर रक्तांत उतरते, आणि पाय पळावयास सिद्ध होतात. ही देहाची योजना हितकारकच आहे. वाघ गेला म्हणजे सर्व पुन्हां शांत होतें. परंतु ज्याला पाणवठ्यावर, चहाच्या दुकानांत, कचेरीच्या दारांत रोजच कोणी हिडिसफिडिस करील अशी धास्ती असते, त्याचा वाघ कधींच जात नाहीं. घरांतून निघण्यापूर्वींच त्याचें मन सावध होतें, आणि मनाबरोबर देहही. अशा नित्य ताणानें रक्तवाहिन्या, हृदय व मूत्रपिंडें झिजत जातात. १९९३ सालीं ब्रूस मॅकईवन व इलियट स्टेलर या शास्त्रज्ञांनीं या सांचलेल्या झिजेस 'ॲलोस्टॅटिक लोड' असें नांव दिलें. आपण त्यास ताणाचा भार म्हणूं.

कोणी म्हणेल, ही सारी गरिबीची करणी आहे. ही शंका रास्त आहे. २००६ सालीं जेरोनिमस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रक्तदाब, रक्तांतील साखर, चरबी इत्यादि दहा मोजमापांवरून हा भार तपासला. आफ्रिकन वंशाच्या लोकांवर तो गोऱ्यांपेक्षां अधिक निघाला; इतकेंच नव्हे, तर त्या वंशाच्या ज्या स्त्रिया गरीब नव्हत्या त्यांच्यावरही तो गरीब गोऱ्या स्त्रियांपेक्षां अधिक निघाला. दुसरा कोणी म्हणेल, हा रक्ताचाच गुण असेल. परंतु १९९७ सालीं रिचर्ड डेव्हिड व जेम्स कॉलिन्स या डॉक्टरांनीं इलिनॉय प्रांतांतील जन्मांच्या नोंदी पाहिल्या. आफ्रिकेंत जन्मून अमेरिकेंत आलेल्या स्त्रियांच्या अर्भकांचें वजन गोऱ्या स्त्रियांच्या अर्भकांच्या जवळपास होतें. अमेरिकेंतच जन्मलेल्या काळ्या स्त्रियांच्या अर्भकांचें मात्र बरेंच कमी होतें. मूळ एकाच खंडांतलें. मग दोष रक्ताचा कसा म्हणावा? त्या भूमींत जन्मभर मिळणाऱ्या वागणुकीकडेच बोट जातें.

ही वागणूक म्हणजे मारझोडच असते असें नाहीं. डेव्हिड विल्यम्स नांवाचे एक विद्वान आहेत. ते सेंट लुशिया बेटांत वाढले, प्रथम ईश्वरविद्या शिकले, व नंतर समाज व आरोग्य यांच्या अभ्यासाकडे वळले. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रश्नावलींत नऊ साधे प्रश्न आहेत. लोक तुम्हांस इतरांपेक्षां कमी मान देतात काय? दुकानांत तुमची हयगय होते काय? तुम्ही अप्रामाणिक आहां असें समजून वागतात काय? असे ते प्रश्न. पुढें अनेक देशांतील संशोधकांनीं ते वापरले, आणि ज्यांच्या वांट्यास असे प्रसंग वारंवार येतात त्यांच्यांत मनाचे व देहाचे विकार अधिक असतात असें पुनःपुन्हां दिसून आलें.

आपल्या देशाविषयीं काय? घटनेच्या १७ व्या कलमानें १९५० सालीं अस्पृश्यता नष्ट ठरविली. तरी बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान इत्यादि नऊ राज्यांच्या २०१०-११ च्या पाहणीवरून २०२२ सालीं प्रसिद्ध झालेला एक हिशेब असा आहे कीं, उच्चवर्णीय हिंदूंपेक्षां दलितांचें सरासरी आयुष्य तीन वर्षांहून अधिक, आणि आदिवासींचें चार वर्षांहून अधिक कमी भरतें. सांपत्तिक स्थितीवरून या अंतराचा निम्माही उलगडा होत नाहीं. उरलेलें सर्व अपमानाचेंच फळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दूरचा दवाखाना व तेथील हेळसांड हींही त्यांत असतील. परंतु हेळसांड ही तरी अपमानाचीच बहीण नव्हे काय?

आतां सोसण्याचा उपदेश घ्या. १९७८ सालीं शर्मन जेम्स या संशोधकांस उत्तर कॅरोलिना प्रांतांत जॉन हेन्री मार्टिन नांवाचे एक काळे शेतकरी भेटले. शाळा दोन इयत्तांपुरती; वाचणें-लिहिणें स्वतःच शिकलेले. बटाईच्या शेतीच्या जाचांतून ते आपल्या कष्टानें सुटले, आणि वयाच्या चाळिशींत पंचाहत्तर एकरांचे धनी झाले. कोणीही त्यांचा कित्ता गिरवावा असे ते पुरुष! परंतु साठीच्या आंतच रक्तदाब, संधिवात व पोटांतील व्रण यांनीं त्यांना गांठलें. प्रतिकूल जगाशीं जिद्दीनें झगडण्याची किंमत देहाला द्यावी लागते, असें जेम्स यांनीं यावरून मांडलें. उद्योग वाईट असें यावरून ठरत नाहीं. ठरतें तें इतकेंच कीं, ज्याच्या पाठीवर दुसऱ्यानें ओझें ठेविलें त्याला केवळ "धीर धर, कष्ट कर" असें सांगणें हा पुरता न्याय नव्हे.

मग अपराधी कोण? अपमान करणारा म्हणेल, "मीं एकच शब्द बोललों, एका शब्दानें कोणी मेला काय?" शेतकरी वाचकांस याचें उत्तर ठाऊक आहे. बैलाचा खांदा येतो तो एका तासानें येत नाहीं. परंतु ज्या ज्या तासाला जूं बोचलें, तो प्रत्येक तास त्या जखमेंत असतो. अनेकांनीं मिळून केलेला अपराध वांटला जाऊन कमी होत नाहीं. मनुष्यवधाचा निषेध करणारी आज्ञा आपणां सर्वांस पाठ आहे. दुसऱ्याच्या आयुष्याचीं वर्षें हळूहळू हिरावून घेणें त्या आज्ञेच्या बाहेर आहे असें कोणी कोणत्या तोंडानें म्हणावें?

यावरून कोणी निराश होऊं नये. हे हिशेब पुष्कळांच्या सरासरीचे आहेत. अमक्या एकाचें आयुष्य इतकेंच, असें ते सांगत नाहींत. ज्याला विश्वासाचे सोबती आहेत त्याच्यावरचा ताण हलका होतो, हेंही संशोधकांस आढळलें आहे. म्हणून उपदेशक बंधूंनीं अपमान झालेल्या मनुष्याला "विसरून जा" एवढें सांगून परत पाठवूं नये. त्याचें पूर्ण ऐकून घ्यावें, त्याच्याबरोबर कचेरीच्या दारापर्यंत जावें, आणि त्याचा रक्तदाब वेळेवर तपासवून घ्यावा. आणि आपल्या मंडळ्यांतच पूर्वीच्या जातीवरून कोणाला मागें बसवीत असूं, किंवा कोणाच्या घरचें पाणी टाळीत असूं, तर तें आजच थांबवावें. बोलल्यानें अंगाला भोंकें पडत नाहींत खरीं. पण अंग आंतून झिजतें, आणि ती झीज थांबविणें पुष्कळ अंशीं आपल्या जिभेच्या व आपल्या उंबऱ्याच्या हातीं आहे.