ब्रेकची निवड आणि प्रमादाचा प्रश्न

मालवाहू गाडीच्या ब्रेकचे सुटे भाग निवडणे ही वरकरणी गॅरेजातली आणि पैशांच्या हिशेबाची बाब असली, तरी निष्काळजीपणाचा दोष कृतीत असतो की तिच्या परिणामात, हा नीतिशास्त्रातला अवघड प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे. दोन मालकांनी झिजलेले पॅड बदलण्याचे टाळले, एकाची गाडी घाट सुखरूप उतरली आणि दुसऱ्याच्या गाडीखाली एक मूल सापडले, तर दोघांना सारखेच दोषी मानायचे की नाही, याचे उत्तर देण्यापूर्वी ब्रेक नेमके काय करतो हे पाहणे आवश्यक आहे.

ब्रेक गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. भारतातील अवजड ट्रकांना बहुधा ड्रम ब्रेक असतात, तर पिकअपसारख्या हलक्या मालवाहू गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड कॅलिपरमध्ये बसवलेले असतात. तीन टन वजनाची भरलेली पिकअप बोरघाटातून सुमारे 500 मीटर खाली उतरते तेव्हा जवळजवळ दीड कोटी ज्यूल ऊर्जा मुक्त होते. तेवढ्या ऊर्जेत साधारण 50 लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन पेलते. डिझेल वाचवण्यासाठी ती न्यूट्रलमध्ये सोडली, तर जवळपास सारा भार ब्रेकवर येतो. पॅड मर्यादेपलीकडे तापले की त्यांतील राळेपासून वायू सुटतो, पॅड आणि डिस्क यांमधले घर्षण घटते आणि पेडल दाबूनही गाडी पुरेशी आवरत नाही. या अवस्थेला ब्रेक फेड म्हणतात.

म्हणून निवडीचा पहिला निकष गाडीचे काम हा असतो. सेंद्रिय तंतूंचे पॅड मऊ आणि शांत असतात, पण सततच्या उतारावर लवकर हार मानतात; धातूचे तंतू मिसळलेले सेमी-मेटॅलिक पॅड आवाज करतात, डिस्क अधिक झिजवतात, मात्र उष्णता चांगली सोसतात; सिरॅमिक पॅड धूळ कमी करतात, तरी केवळ महाग म्हणून ते भरलेल्या गाडीला योग्य ठरत नाहीत. भोके पाडलेली डिस्क दिसायला आकर्षक असली, तरी जड कामात त्या भोकांपासून तडे जाण्याचा धोका असतो, त्यामुळे मधून हवा खेळणारी साधी डिस्क अशा गाडीला अधिक भरवशाची ठरते. डिस्कवर बहुधा तिची किमान जाडी कोरलेली असते. लेथवर घासून घेतल्यावर डिस्क त्या मापाखाली जाणार असेल, तर ती बदलणेच योग्य, आणि एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड एकत्र बदलले नाहीत तर ब्रेक लागताना गाडी एका बाजूला ओढली जाऊ शकते.

हे सारे ठाऊक असूनही, किंवा सहज कळण्याजोगे असूनही, दुर्लक्ष करणाऱ्याचा दोष कसा मोजायचा? अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी नैतिक दैवाची चर्चा करताना ब्रेक वेळेवर न तपासणाऱ्या ट्रकचालकाचेच उदाहरण घेतले आहे. नैतिक दैव म्हणजे माणसाच्या हाती नसलेल्या गोष्टीमुळे त्याच्या दोषाचे मोजमाप बदलणे: मूल रस्त्यावर आले नसते तर त्याच चालकाला किरकोळ बोल लागला असता. भारतीय कायद्यातही ही विसंगती दिसते, कारण मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 190 नुसार माहीत असलेला किंवा साध्या काळजीने कळू शकला असता असा धोकादायक दोष घेऊन गाडी चालवणे हा अपराध आहे, पण त्या दोषामुळे अपघात झाला तर शिक्षा वाढते. समाजाला झालेल्या हानीची दखल घ्यावी लागते, त्यामुळे कायद्याची ही भूमिका समजण्याजोगी आहे. मनुष्याच्या अंतःकरणाचा न्याय मात्र तिच्यावर सोपवता येत नाही.

या ठिकाणी जैन विचाराने केलेली हिंसेची मीमांसा फार उपयोगी पडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे असावधपणा, अंतर्भूत केला आहे. आणि कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारात तर समोरचा जीव वाचला की नाही यावर हिंसेचा निर्णय अवलंबून ठेवलेला नाही, कारण जो यत्नपूर्वक वागत नाही त्याच्या ठायी हिंसा असतेच, तर सावधपणे वागणाऱ्याला केवळ घडून गेलेल्या मृत्यूने कर्मबंध होत नाही. या दृष्टीने घाट सुखरूप उतरलेला तो पहिला मालक निर्दोष ठरत नाही. अपघात न होणे हा त्याच्या सदाचाराचा पुरावा नसून दैवाची कृपा आहे.

त्याच परंपरेतील कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि संमती दिलेले, हा भेदही येथे नेमका लागू पडतो. 'अजून एक खेप होऊ दे' असे सांगणारा मालक, हलका माल मुकाट्याने बसवणारा मेकॅनिक आणि पेडल खोल जात असूनही गाडी काढणारा चालक हे तिघेही त्या प्रमादाचे वाटेकरी होतात. मात्र नोकरी जाण्याच्या भीतीने गाडी काढणारा चालक आणि नफा राखण्यासाठी पॅड बदलायला नकार देणारा मालक यांचा वाटा सारखा मानणे अन्याय्य होईल, कारण ज्याच्या हाती निर्णयाची सत्ता अधिक, त्याच्यावर सावधपणाचे ओझेही अधिक असते.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की हप्ते फेडणाऱ्या मालकाकडून अमर्याद सावधपणाची अपेक्षा करणे अव्यवहार्य आहे. परंतु अप्रमादाचा अर्थ सर्वांत महाग भाग घेणे असा नाही. भाराला आणि उताराला अनुरूप पॅड, मापात असलेली डिस्क आणि वेळेवर तपासणी इतकीच त्याची मागणी आहे, आणि तेवढेही परवडत नसेल तर ती खेप परवडत नाही असेच म्हटले पाहिजे, कारण तिच्या भाड्यातला काही भाग रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या जिवावर उचललेला असतो.

इतके करूनही अपघात घडू शकतो. कोणतीही चूक नसताना ज्याच्या गाडीखाली मूल सापडते, त्या चालकाला प्रेक्षकाहून वेगळी व्यथा होते आणि ती होणे योग्यच आहे, असे इंग्लिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी दाखवून दिले. ही व्यथा आणि अपराध यांत गल्लत करू नये, कारण व्यथा नियतीमुळेही वाट्याला येते, तर अपराध टाळणे बव्हंशी माणसाच्या हाती असते. घाटात पेडलवर पाय ठेवताना विचाराला क्षणभरही अवधी नसतो, पॅड निवडताना तो पुरेसा असतो. म्हणून या प्रकरणातली खरी नैतिक कृती उतार लागण्याच्या कितीतरी आधी, दुकानाच्या काउंटरवर घडते आणि तिचा निवाडाही तेथेच झाला पाहिजे.