शेवटचं कोकरू

म्हसवडच्या अलीकडे, माणगंगेच्या कोरड्या पात्राला लागून एक वस्ती होती. दोन एकर डाळिंब, वीसेक मेंढरं, एक म्हातारा आणि आयटीआयला जाणारा त्याचा नातू.

नातवाच्या हातात कसब होतं. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या उकलून त्याने १५ लिथियम सेल निवडले. पाच-पाचचे तीन गट करून ते निकेलच्या पट्टीने जोडले आणि फवारणी पंपासाठी पॅक बनवला. वर टक्के दाखवणारं मीटर बसवलं, आत रक्षणाचं छोटं बोर्ड.

पण ओळ अर्धी होते न होते तोच पंप बंद पडे. मीटर पाहावं तर ४० टक्के!

“मीटर चुकतंय, आबा,” नातू म्हणाला. “भरलेलं कुठवर आणि रिकामं कुठवर, हे त्याला एकदा दाखवावं लागंल. पूर्ण भरायचं, मग एकाच बेतानं रिकामं करायचं. आणि ह्ये बोर्ड बी बिघडलंय. उगं मधीच तोडतंय.”

त्याने बोर्डाचे डाग सोडवले आणि तारा थेट जोडल्या.

बाकीची काळजी मात्र त्याने घेतली. नुसत्या तारेने टोकं जोडली तर क्षणात तार लाल होते आणि पॅक पेटू शकतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घेतला. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज खातो, म्हणजे पॅक संथपणे उतरणार. कडब्याच्या गंजीपासून लांब, उघड्यावर, फरशीवर पॅक ठेवला. शेजारी वाळूची बादली. सुरुवातीला प्रत्येक गट मोजला: ४.२, ४.२, ४.२. बेरीज १२.६. तिन्ही सारखे पाहून तो निर्धास्त झाला. गटाला ३ व्होल्टपर्यंत उतरवायचं, म्हणजे बेरीज ९ झाली की थांबायचं, असं त्याने ठरवलं.

भर दुपारी पेटलेला दिवा बघून आबा जवळ येऊन बसले. नातू दर अर्ध्या तासाला मोजत होता, पण आता फक्त दोन टोकांमध्ये. चार तासांनी आकडा आला १०.२.

“आजून लई हाय,” नातू म्हणाला.

“मगाशी तीन डाव मोजत हुतास. आता एकदाच का?”

“तिन्ही सारखीच निघाली हुती की, आबा.”

“पोट भरल्यावर समदीच सारखी दिसत्यात. पावसाळ्यात कुठली हीर कोरडी दिसती? खरी हीर मे महिन्यात कळती, पोरा.”

नातवाने हसून मल्टिमीटरची टोकं एकेका गटाला लावली. ३.६. ३.६. तिसरा... ३.०.

त्याचं हसू मावळलं. बेरीज बिनचूक होती, पण तिसरा गट काठावर येऊन ठेपला होता. त्याने झटकन बल्ब सोडवला. ९ ची वाट पाहिली असती तर दोन गट मजेत राहिले असते आणि तिसरा कधीच २ च्या घरात जाऊन पडला असता. सेल दोनच्याही खाली गेला, की आतलं तांबं विरघळू लागतं. तो पुन्हा चार्जला लावला, की तेच तांबं नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. आग लागते ती अशी, रात्री, घर झोपलेलं असताना.

“म्हंजी बोर्ड खरं बोलत हुतं,” नातू पुटपुटला. “पंप जोरात वीज वढायचा, त्यो तिसरा गट खाली बसायचा, म्हणून त्ये तोडत हुतं.”

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बहात्तरच्या दुष्काळात मी बाबासंगं मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला चाललो हुतो. आमचं कुत्रं सारखं मागं फिरायचं, भुकायचं, वाट अडवायचं. उशीर व्हतोय म्हणून मी त्याच्या गळ्यात दोरी घातली आन् वढत नेलं. रातच्याला वाघरीत मेंढरं मोजली, तवा एक कोकरू कमी. चालवत नव्हतं त्याला, मागंच बसलं आसंल. कुत्रं त्येच सांगत हुतं. तवापासनं माझा कळप शेवटच्या कोकराच्या चालीनं चालतो.”

नातवाने त्या संध्याकाळी तिसरा गट सोडवला. पाचांतला एक सेल म्हातारा निघाला. तो वेगळा काढून टाकाऊ बॅटऱ्या घेणाऱ्यासाठी ठेवला आणि जागी जोडीचा सेल बसवला. मग बोर्ड परत जोडलं. दोन दिवसांनी पॅक पुन्हा भरला, पुन्हा तोच बल्ब, पण या वेळी तिन्ही गट दर वेळी वेगळे मोजत. पाच तास लागले. पावणेदोन गुणिले पाच, पावणेनऊ अँपिअर-तास. सेलांवरच्या छापाप्रमाणे ११ भरायला हवे होते. मीटरमध्ये त्याने छापाचा आकडा घातला नाही, स्वतः मोजलेला घातला. रिकामा पॅक तसाच न ठेवता, निवल्यावर निम्मा भरून ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात नातू फवारणीला निघाला, तेव्हा आबांनी मेंढरं सोडता सोडता विचारलं, “शेवटचं कोकरू कसं हाय?”

नातवाने तिसऱ्या गटाला टोकं लावून पाहिली. “कळपात हाय, आबा.”

तात्पर्य : बेरीज भरली म्हणून निर्धास्त होऊ नये. आणि वाटेत कुणी अडवलं, तर त्याला गप्प करण्याआधी तो कुणासाठी अडवतो आहे ते पाहावं.